ओवीचं नाव-गाव

फ्रेंच शिकवताना एका शब्दाशी मी दरवर्षी अडते. उच्चार 'पेन'. मुलं आधी हसतात, कारण सगळ्यांच्या खिशात पेन असतं. अर्थ सांगायची वेळ आली की मी फळ्यावर दोन शब्द लिहिते: कष्ट, दुःख. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, नक्की कुठला?" परीक्षेला एकच अर्थ हवा असतो. "वाक्य बघून ठरवा," असं मास्तरी उत्तर मी बरीच वर्षं देत आले. मग एकदा माझंच मला हसू आलं. आपल्याकडे कष्ट उपसणारा तो कष्टाळू आणि मनातून खचलेला तो कष्टी. एका आईची दोन लेकरं. एवढं घरात असताना मी फ्रेंचलाच अवघड म्हणत होते.

हे सुचलं ते एका पुस्तकाच्या नावावरून. 1985 साली पॅरिसमध्ये निघालेलं पुस्तक, 'अँद, व्हिलाज ओ फेमिनँ, ला पेन देग्झिस्ते'. मराठीत ओढूनताणून आणायचं तर 'भारत: गाव, बायकांच्या बाजूने, असण्याचे कष्ट'. लेखक दोन, गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर. एक फ्रेंच, एक मराठी, दोघंही पुण्याचे. 1991च्या सुमारास एका वाचनालयात ते माझ्या हाती आलं. कार्डावर माझ्याआधी कुणाचाच शिक्का नव्हता. घरी नेऊन चाळलं तर आत पॅरिस नव्हतं, चुली होत्या, हंडे होते, सासवा होत्या. मी वैतागून परत केलं. फ्रेंच शिकायचं ते फ्लोबेर वाचायला. आपल्याच मावशा-आत्या परक्या भाषेत कशाला वाचायच्या, असं तेव्हाचं माझं शहाणपण.

त्या दोन लेखकांपैकी एकाने मला आणखी एक चपराक दिली, तीही न भेटता. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं होती, त्यांत ते नव्हतं. पुढे कॉलेजातही राहून गेलं. मी 'बलुतं' पहिल्यांदा वाचलं ते फ्रेंचमध्ये, 1990च्या भाषांतरात, आणि भाषांतरकार म्हणून आत नाव होतं गी प्वातव्हँ. पुण्यात वाढलेली बाई नगर-मुंबईच्या मातीतलं पुस्तक पॅरिसच्या छापखान्यातून वाचते, यात मिरवण्यासारखं काही नाही. फ्रेंचमध्ये त्याचं नाव 'मा व्ही दँतुशाब्ल', म्हणजे 'माझं अस्पृश्याचं आयुष्य'. नाव बदलावं लागलं हे मला कळतं. 'बलुतं' या तीन अक्षरांत गावगाड्याचा सगळा हिशेब आहे, कुणी काय राबायचं आणि त्याबदल्यात खळ्यावर काय मिळायचं. तो फ्रेंच वाचकाला मुखपृष्ठावर कसा समजावणार? पण बदललेल्या नावात माणूस उरला आणि हिशेब गेला, असं मला आजही वाटतं. वर्षभरात त्यांनी बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं'ही फ्रेंचमध्ये नेलं.

प्वातव्हँ यांचा जन्म 1934चा, पश्चिम फ्रान्समधल्या मायेन भागातला. पॅरिसला तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकले. 1972 साली पुण्यात येऊन राहिले, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 2004 साली पुण्यातच वारले. मराठीत त्यांच्या आडनावाचं जो तो आपल्याला जमेल तसं करतो, पॉइटवाँ, पॉइटेविन, काहीही. मी त्यांना कधी भेटले नाही. एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर आम्ही वर्षानुवर्षं राहिलो आणि मला तेव्हा फ्रेंच माणसांशी बोलायची केवढी हौस होती!

फ्रेंच माणूस मराठी मुलखात आला हे काही नवल नाही. 1758 साली अँकेतिल द्युपेराँ गोव्याहून निघून पुण्यावरून, औरंगाबाद आणि वेरूळ करत सुरतेला गेला. त्याला पारशांचे धर्मग्रंथ शिकायचे होते. 1832च्या पावसाळ्यात व्हिक्तोर झाकमाँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ पुण्यात होता. त्याच वर्षी 7 डिसेंबरला तो मुंबईत वारला, वय अवघं एकतीस. दोघांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. पण ती वाटेवरची माणसं. झाकमाँ पानंफुलं गोळा करत होता, द्युपेराँ पोथ्या. पहाटे झोपडीतून येणारी जात्याची घरघर दोघांच्याही कानावर पडली असणार, कारण त्या काळी ती पडल्यावाचून माणसाला मराठी गावातून जाताच येत नसे.

ती घरघर माझ्याही कानात आहे. माझी आजी, आईची आई, पौडच्या पुढे मुळशीच्या खोऱ्यात राहायची. मी लहान असताना, म्हणजे 1970च्या आसपास, दोन गावं सोडून डिझेलवर चालणारी गिरणी होती. ती सुरू झाली की पुक-पुक आवाज डोंगरात घुमायचा. तरी आजीचं जातं थांबलं नव्हतं. गिरणीचं पीठ 'जळकं' लागतं हे तिचं कारण, आणि पायलीभर नाचणीसाठी ओढा ओलांडून कोण जाईल हे खरं कारण.

माजघराच्या कोपऱ्यात जातं जमिनीत बसवलेलं होतं. खालची तळी हलत नाही, वरची फिरते. खालच्या तळीच्या मधोमध लोखंडी खीळ. वरच्या तळीला मधे तोंड, त्यात लाकडाची आडवी पट्टी, ती खिळीवर टेकते. कडेला भोक पाडून ठोकलेला खुंटा. खुंटा नवा असताना खरखरीत असतो आणि हाताला फोड येतात. वर्षभरात तो तुपात बुडवल्यासारखा गुळगुळीत होतो. आजी एक पाय लांब करायची, एक मुडपून घ्यायची. उजव्या हाताने खुंटा, डाव्या हाताने तोंडात मूठमूठ धान्य. या मुठीला 'वैरण' म्हणतात, गुरांच्या चाऱ्याला म्हणतात तीच. वैरण जास्त झाली की पीठ भरड येतं, कमी झाली की दगडावर दगड घासून कच येते. हा अंदाज डोळ्यांचा नव्हे, मनगटाचा. अंधारच असायचा. चिमणी लावली तरी ती खुंटीवर, आणि तेल महाग.

लांब केलेल्या पायाच्या मांडीवर माझं डोकं असायचं. ज्यांनी हे अनुभवलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगता येत नाही. घरघर कानाला नाही, कवटीच्या हाडाला ऐकू येते. वर कुठेतरी आवाज चाललेला, गाणं म्हणावं तर तेवढं मोठं नाही, बोलणं म्हणावं तर सुरात. आजीबरोबर थोरली मामी दळायला बसली की दोघींचे हात एका खुंट्यावर. एक ओळ हिची, एक तिची. मामी आणि आजी दिवसा एकमेकींशी कामापुरत्या बोलायच्या.

दोन-चार महिन्यांनी टाकारी यायचा. सततच्या घासण्याने तळ्या गुळगुळीत होतात, धान्य नुसतं सटकतं. मग वरची तळी उचलून उलटी टाकायची, आणि तो छिन्नीने तिला पुन्हा खरखरीत करायचा, म्हणजे टाकी लावायचा. त्या दिवशीचं पहिलं दळण माणसांनी खायचं नाही. दगडाची कणी असते. ते कोंबड्यांना.

जातं आपल्याला किती जुनं वाटतं! रामाच्या सीतेनेही दळलं, असं आजी सांगायची. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांचं म्हणणं वेगळं होतं. नेवाशासारख्या ठिकाणच्या उत्खननात सापडलेल्या फिरत्या जात्यांवर त्यांनी 1959 साली एक लेख लिहिला. हे गोल फिरणारं जातं आपल्याकडे इसवी सनाच्या सुरुवातीला, रोमन व्यापाराच्या काळात आलं असावं, असा त्यांचा तर्क. त्याआधी पाट्यावर वरवंटा मागेपुढे रगडून पीठ व्हायचं. म्हणजे जे आपण इतकं आपलं मानतो ते जातंही कदाचित समुद्रापलीकडून आलेलं. त्यावर म्हटलेलं गाणं मात्र इथलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात स्पष्ट नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीच्या दीडशेएक वर्षं आधीची ही नोंद आहे. ज्ञानदेवांनी घेतला तो छंद आधी मुसळाच्या ठोक्यावर आणि जात्याच्या फेऱ्यावर तयार झालेला होता. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची झाली. जात्यावरची बहुतेक दोनच ओळींची राहिली, कारण दमलेल्या माणसाचा श्वास तेवढाच पुरतो. हे माझं मत, छंदशास्त्राचं नव्हे.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. विठ्ठल तिला दळू लागला ही कथा सगळ्यांना ठाऊक. देवाकडे बाईने काय मागितलं, तर दुसरा हात. खुंट्यावर दोघींचे हात असले की जातं निम्म्याने हलकं होतं, हे दळलेल्या बाईलाच सुचेल.

प्वातव्हँ आणि राईरकर जात्याकडे गाणी शोधत गेले नव्हते. गेले ते पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, मुळशी-मावळकडे, गरीब शेतकऱ्यांमध्ये काम करायला. त्या कामातून 'गरीब डोंगरी संघटना' उभी राहिली. मुळशी म्हणजे ज्या खोऱ्यात 1921 ते 1924 धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरी धरण झालं. खाचरं पाण्याखाली गेली, माणसं वर डोंगराला लागली. वीज मुंबईला गेली आणि माझ्या आजीच्या घरात चिमणीच राहिली. अशा ठिकाणी बैठका घ्यायच्या तर बाप्ये पुढे बसून बोलतात आणि बायका दाराआड उभ्या राहतात. बायकांना थेट विचारलं तर उत्तर ठरलेलं: आम्हाला काय कळतंय! पण हीच बाई जात्यावर बसली की आईबापाला, भावाला, नवऱ्याला, रामाला, कुणालाही जाब विचारते. ती बोलतच होती; कुणी तिथे बसून ऐकत नव्हतं. 1980च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली.

इथे मला एक खोड मोडायची आहे. असं काही सांगायला लागलं की मराठी माणूस लगेच हळहळतो, "बघा, आपलं सोनं परक्याने ओळखलं!" तसं नाही. साने गुरुजींनी 1940च्या आसपास 'स्त्री जीवन'मध्ये हजारो ओव्या गोळा करून छापल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून वर्षानुवर्षं संग्रह काढले. दुर्गाबाई भागवतांनी या सगळ्याकडे बघायची नजर दिली. ओवी कुणाला सापडलीच नव्हती असं म्हणणं म्हणजे या सगळ्यांचा आणि हेमा राईरकरांचाही अपमान आहे. राईरकर नसत्या तर मायेनच्या या गृहस्थांना मुळशीतल्या कुठल्या घरात माजघरापर्यंत जाता आलं असतं? माजघरात पुरुषाला, त्यातून गोऱ्याला, कोण घेतं?

वेगळेपण दुसरीकडे आहे, आणि ते कळायला मला फार वर्षं लागली. जुन्या संग्रहांत ओव्या विषयवार लावलेल्या असतात. माहेर, भाऊ, बाळ, पंढरी. गाणारीचं नाव क्वचितच. लोकगीत लोकांचं, म्हणून एकाचं कुणाचंच नाही, असा तो समज. मीही वर्गात हेच शिकवत आले. या दोघांच्या कागदांवर मात्र प्रत्येक ओवीला नाव आणि गाव आहे. कुणी गायली, कुठली, जात कुठली, कुणी लिहून घेतली. ओव्या गोळा करायला बाहेरचे विद्यार्थी पाठवलेले नव्हते. संघटनेतल्या गावच्याच बायका हे काम करत. जिला लिहिता यायचं तिने लिहायचं, जिला यायचं नाही तिने शाळेतल्या पोराला पुढ्यात बसवून सांगायचं. मग बायका एकत्र जमून त्या ओव्यांवर बोलायच्या, सीता खरंच चुकली का, मुलीचा जन्म असा का म्हणायचा, भाऊ दिवाळीला आला नाही तर राग कुणाचा धरायचा. ओवीचा अर्थ सांगायला प्राध्यापक नव्हता. तो गाणारीनेच सांगायचा.

आकडे सांगते. एक लाख दहा हजारांहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. मुळशीपासून सुरुवात होऊन काम मराठवाड्यात, कोकणात, पार कर्नाटकाच्या काठापर्यंत गेलं. एवढा ढीग झाल्यावर लावायचा कसा? प्वातव्हँ यांनी विषयांची उतरंड केली, पोटविषय, त्यांचे पोटविषय. फ्रेंच माणसाला वर्गवारीची हौस भारी, हे मी माझ्या व्याकरणाच्या पुस्तकांवरून छातीठोक सांगू शकते. पण इथे ती कामी आली. सीतेच्या वनवासाच्या ओव्या शेकडो गावांत सापडतात, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं की ही वाल्मीकीची सीता नव्हेच. ही सासुरवाशीण आहे. तिला कैकयी छळते ती सासू म्हणून. राम बरा आहे, पण ऐनवेळी तोंड उघडत नाही. असा राम प्रत्येकीने घरात पाहिलेला होता.

दुसरा मोठा ढीग बाबासाहेबांचा. दलित बायकांनी जात्यावर आंबेडकर गायले, गाडीतून उतरणारे, कोटातले, दिल्लीला कायदा लिहिणारे. त्यांना देव म्हणून ओवाळलं आणि भाऊ म्हणून माहेरी बोलावलं. ज्या माणसाने 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' भाषांतरासाठी निवडलं त्याला हे दिसलं यात मला आता आश्चर्य वाटत नाही. तिथेही आणि इथेही धागा एकच: ज्याचं त्याने बोलावं, आपण मधे येऊ नये. ओव्यांत एसटी आली, ट्रॅक्टर आला, पिठाची गिरणीही आली. गिरणीने आपला जीव सुटला म्हणणारी बाई आणि गिरणीने आपलं गाणं नेलं म्हणणारी बाई एकच असू शकते. नुसतं हळहळणाऱ्यांनी आधी अर्धा तास जातं ओढून पाहावं, मग हळहळावं.

1990च्या दशकात या कामात दुसरा फ्रेंच माणूस आला, बर्नार बेल. हा संगणकवाला. याआधी लखनौच्या तबल्याचे बोल संगणकाला शिकवायचा खटाटोप त्याने केलेला होता. त्याने कागदांवरच्या ओव्यांची संगणकावर नीट नोंदणी केली आणि ध्वनिमुद्रणं केली, सुमारे 120 तासांची. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांतलाच. तो ऐकल्यावर 'लोकगीत कुणाचंच नसतं' हे वाक्य मी वर्गात म्हणणं बंद केलं. तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. ती मुद्रणं काही काळ गुडगावच्या संगीत-संग्रहालयात होती, तिथून दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हाँसला गेली. सेझानचं गाव ते. माझ्या मुलांना मी सेझानचे डोंगर दाखवते, आणि त्याच गावात मुळशी-परभणीची जाती जपून ठेवलेली. 2017च्या मार्चपासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ही गाणी नाव, गाव, फोटो आणि भाषांतरासकट लोकांपुढे ठेवायला घेतली. त्यांची माणसं पुन्हा त्या गावांत गेली. काही गाणाऱ्या भेटल्या, काही गेल्या होत्या, काहींच्या लेकींनी आईचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला.

'स्टोनमिल अँड भक्ती' हे प्वातव्हँ आणि राईरकरांचं इंग्रजी पुस्तक 1996चं. ते मी नीट वाचलं, दोनदा. जड आहे. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस एका ओवीवर पाच पानं लिहितो तेव्हा मधल्या तीन पानांत ओवी हरवते. मला त्यांचं लिहिणं फारसं आवडत नाही, हे सांगून टाकते. त्यांचं ऐकणं आवडतं.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मी टाळत होते.

1994च्या दिवाळीत मी आजीचं ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं. मुळशीत हे सगळं काम चाललं आहे याची मला गंधवार्ता नव्हती. मला फक्त आजीचा आवाज हवा होता. एक टेपरेकॉर्डर आणि नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट घेऊन गेले. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे. पडवीत खुर्चीवर बसवलं, बटण दाबलं आणि म्हटलं, "म्हण आजी." आजी गप्प. आठवेना. एकही ओवी आठवेना. जिने माझ्या डोक्यावर हजार ओव्या म्हटल्या असतील तिला पहिला शब्द सापडेना. ती ओशाळली, मला रडू यायला लागलं. मामी आतून म्हणाली, "अगं, जात्यावाचून कशी येईल तिला?" पुढे कळलं की हा अनुभव ओव्या गोळा करणाऱ्या सगळ्यांनाच आलेला आहे. ओवी डोक्यात नसते, दंडात असते.

जातं माजघरातून केव्हाच निघालं होतं. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं होतं, नातवांच्या लग्नात घाणा भरायला तेवढं आत यायचं. हळद-कुंकू लावायचं, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधायचं, पाच सवाष्णींनी चार फेरे हळद दळायची की पुन्हा गोठ्यात. आम्ही दोघा गड्यांकरवी ते आणलं. खुंटा मोडला होता, मामाने बाभळीचा नवा ठोकला. आजी बसली. पाय लांब होईना, तरी बसली. मामीने दुसरा हात धरला. मूठभर तांदळाची वैरण घातली, जातं फिरलं, आणि तिसऱ्या की चौथ्या फेऱ्याला आजी सुरू झाली. मी माइक नेऊन जात्याच्या अगदी जवळ ठेवला. सगळं नीट यावं म्हणून.

पुण्याला येऊन ऐकलं तर नुसती घरघर. दगडाचा आवाज एवढा की त्याच्यावर आजीचा आवाज म्हणजे लांबच्या खोलीत कुणी बोलतंय. सूर कळतो, एक शब्द कळत नाही. पुन्हा जाऊन घेऊ म्हटलं. 1997 साली आजी गेली.

कॅसेट अजून आहे. परवा पाहिली, तर माझ्या अक्षरात त्यावर एवढंच: 'आजी, जातं, दिवाळी'. नाव नाही. मी, एवढी शिकलेली बाई, नाव लिहायला विसरले. आजीलाही नाव असतं हे मला त्या फ्रेंच माणसाच्या कागदांनी शिकवायचं होतं! तो हजार गावांचा पसारा समोर आला तेव्हा मी त्यात आजीचं गाव शोधलं होतं. नाही सापडलं.

म्हणून पेन घेतलं (खिशातलं) आणि लेबल लावायला बसले. सासरचं नाव रुक्मिणी, ते सगळ्यांना माहीत. माहेरचं? मामाला फोन केला. तो म्हणाला, माहेरचं नाव ठकू, आजोबा चिडले की त्या नावाने हाक मारायचे. गावाच्या जागी काय लिहायचं, तर सासरचं गाव आहे तिथेच आहे. माहेरचं धरणात गेलं. आजी पंधराची असेल तेव्हा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, असं मामा म्हणाला. त्याने पाहिलेला नाही, ऐकलेलं आहे. मी दोन्ही नावं लिहिली आणि दोन्ही गावं.

मग कॅसेट लावली. मुलीने कुठून तरी जुना प्लेअर आणला होता. पंचेचाळीस मिनिटं घरघर. एका ठिकाणी, बाजू संपायच्या जरा आधी, जातं थांबतं. दम लागलेला ऐकू येतो, एकीचा की दोघींचा कळत नाही. आणि मग अगदी जवळून, स्वच्छ, आजीचा आवाज:

"आलं का गं त्यात?"

आणि मी म्हणते आहे, "आलं, आलं. तू म्हण."